हिरवे आकडे आणि मागची चाके

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे मागच्या चाकांच्या अलाइनमेंटविषयी, म्हणजे चाके कोणत्या कोनात बसली आहेत त्याविषयी आहेत, म्हणून हे सदर त्यांनाच दिले आहे. पहिले पत्र सविस्तर छापत आहोत, कारण वाचकाने अलाइनमेंटच्या छापील कागदाची दोन्ही पाने आणि गाडीच्या तळाची छायाचित्रे जोडण्याचे कष्ट घेतले आहेत. सहसा आमच्याकडे ‘गाडी हलते, काय करू’ एवढेच येते.

प्रश्न: माझ्याकडे मागच्या चाकांना शक्ती देणारी, सुमारे अडीचशे अश्वशक्तीची जुनी पेट्रोल सेडान आहे. आधीच्या मालकाने आखूड स्प्रिंग बसवून ती तीसेक मिलिमीटर खाली घेतली होती. समृद्धी महामार्गावर ताशी 110 किलोमीटरच्या सुमारास, लांब वळणावर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय पटकन काढला की गाडीची शेपूट क्षणभर बाहेर सरकल्यासारखी वाटते आणि लगेच सावरते. उजव्या वळणावर हे स्पष्ट जाणवते, डाव्या वळणावर फारसे नाही. स्टीअरिंग सरळ राहते, गाडी कोणत्याही बाजूला ओढत नाही. मागचे दोन्ही टायर अकरा हजार किलोमीटरमध्ये आतून खाल्ले गेले, त्यातही डावा अधिक. तीनदा अलाइनमेंट करून घेतले. दरवेळी ‘कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा उभा कल) सोडला तर सगळे हिरवे आहे’ असे सांगण्यात येते. – एक वाचक, नाशिक

उत्तर: आपल्याला सांगितले गेले ते खोटे नाही, मात्र ते पहिल्या पानापुरते खरे आहे. पहिल्या पानावर मागच्या चाकांचा एकूण टो (वरून पाहता चाकांचा तिरकेपणा) अधिक 0.14 अंश असा छापला आहे आणि त्याची मर्यादा 0.10 ते 0.30 असल्यामुळे तो हिरवा दिसतो. दुसऱ्या पानावर प्रत्येक चाकाचा टो वेगळा दिला आहे: डावे चाक उणे 0.06, उजवे चाक अधिक 0.20. प्रत्येक चाकाची मर्यादा 0.05 ते 0.15 आहे, म्हणजे दोन्ही चाके मर्यादेबाहेर आहेत आणि त्यांची बेरीज तेवढी मर्यादेत आली आहे. अधिक म्हणजे टो-इन, चाकाची पुढची कड गाडीच्या मध्याकडे वळलेली. उणे म्हणजे टो-आउट, पुढची कड बाहेर वळलेली. हे अंश डोळ्याला दिसत नाहीत. 650 मिलिमीटर व्यासाच्या टायरवर 0.10 अंश म्हणजे टायरच्या पुढच्या आणि मागच्या कडेत जेमतेम 1.1 मिलिमीटरचा फरक. पण चाक एवढेच तिरके धरून गाडी एक किलोमीटर चालवली तर टायर सुमारे पावणेदोन मीटर आडवा घासला जातो, आणि त्याचा हिशेब टायरच्या कडेवर निघतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो गॅरेजमध्येही पक्का बसलेला आहे. डावे चाक बाहेर पाहते आणि उजवे आत, म्हणजे दोन्ही चाके मिळून डावीकडे पाहतात. तेव्हा गाडी एका बाजूला ओढेल असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात मागचा अ‍ॅक्सल स्वतःची दिशा स्वतः शोधतो. आपल्या गाडीत ती दिशा मध्यरेषेपासून 0.13 अंश सरकली आहे, आणि मशीनने पुढची चाके त्या सरकलेल्या दिशेशी जुळवून दिली असल्यामुळे स्टीअरिंग सरळ राहते. 2.8 मीटर व्हीलबेसच्या (पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर) गाडीत हा तिरकेपणा पुढून मागे सहा-साडेसहा मिलिमीटर भरतो, खेकडा चालतो तसा, पण इतका कमी की मागून येणाऱ्या चालकालाही कळणार नाही. गाडीच्या प्रत्यक्ष दिशेच्या हिशेबाने दोन्ही चाकांना सारखाच, 0.07 अंश टो-इन मिळतो. म्हणून सरळ रस्त्यावर आपली गाडी निर्धोक वाटते, आणि ती तशी आहेही.

मग त्या वेगवेगळ्या आकड्यांना महत्त्व का द्यायचे? कारण मागची दोन चाके कारखान्यातून अशी निघत नाहीत. एका बाजूला काहीतरी वाकले आहे, झिजले आहे किंवा सरकले आहे, आणि उभ्या गाडीवर जे 0.15 अंश सरकते ते धावत्या गाडीवर किती सरकेल, हे कागद सांगू शकत नाही.

आपण पाठवलेल्या तिसऱ्या छायाचित्रात डाव्या टो-लिंकच्या, म्हणजे चाकाचा टो धरून ठेवणाऱ्या दांड्याच्या, आतल्या टोकाचा बुश (सांध्यातला रबरी भाग) दिसतो. रबर आणि मधली नळी यांच्यामध्ये चंद्रकोरीसारखी काळी फट आहे आणि लोखंडी कडेवर रबराचा चुरा जमला आहे. उजव्या बाजूच्या छायाचित्रात तसे काही नाही. आपल्या गाडीत ही लिंक अ‍ॅक्सलच्या रेषेच्या मागे आहे, आणि उजव्या वळणाचे कोडे इथेच सुटते. उजव्या वळणात गाडीचा भार डाव्या चाकांवर येतो आणि रस्ता डाव्या मागच्या टायरला आत, म्हणजे उजवीकडे ढकलतो. हा रेटा पेलताना मागची लिंक दबली तर चाकाची मागची कड आत जाते आणि पुढची कड बाहेर फिरते. म्हणजे ज्या क्षणी त्या चाकाने गाडीची शेपूट धरून ठेवायची, त्याच क्षणी ते वळणाच्या बाहेर पाहू लागते. डाव्या वळणात हेच काम उजवे चाक करते आणि त्याचा बुश शाबूत आहे. डावा टायर अधिक खाल्ला जाण्याचे कारणही हेच दिसते.

पाय काढल्यावरच हे का घडते, हा प्रश्नाचा दुसरा भाग. गाडी जोर घेत असते तेव्हा मागचे टायर अ‍ॅक्सलला पुढे ढकलत असतात. साडेतीनशे न्यूटन-मीटरच्या इंजिनाने दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण जोर लावला तर प्रत्येक मागच्या चाकामागे साडेतीनशे-चारशे किलो वजनाइतका रेटा तयार होतो आणि तो सगळा रबराच्या बुशांतून सांगाड्यापर्यंत जातो. चाक लिंकांच्या बाहेरच्या टोकाला असल्यामुळे पुढे जाणारा रेटा त्याला टो-इनकडे फिरवतो. म्हणून जोरात निघालेली गाडी मागून घट्ट बसल्यासारखी वाटते. पाय काढला की इंजिन ब्रेकचे काम करू लागते, रेट्याची दिशा उलटते आणि तेच बुश चाकाला टो-आउटकडे सोडतात. त्याच वेळी मागचा भारही हलका होतो: 1600 किलोची गाडी, गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्ध्या मीटरवर आणि इंजिनमुळे वेग गुरुत्वाच्या 0.15 पट दराने कमी होतो असे धरले, तर सुमारे 43 किलो भार मागच्या चाकांवरून पुढच्या चाकांवर जातो. दोन्ही गोष्टी एकदम होतात. शक्ती जितकी जास्त, तितका जोर आणि इंजिनब्रेक यांतला फरक मोठा, आणि तितकी बुशांची ओढाताण जास्त. शंभर अश्वशक्तीच्या गाडीत हाच झिजलेला बुश वर्षभर कोणाच्या लक्षात आला नसता.

कॅम्बरचे लाल आकडे, डावीकडे उणे 2.4 आणि उजवीकडे उणे 2.3, हे आखूड स्प्रिंगांचे देणे आहे. उणे कॅम्बर एकटा टायर फार वेगाने खात नाही. तो टायरला आतल्या कडेवर उभे करतो आणि टोचा घासटा त्या कडेवर कानस फिरवल्यासारखा चालतो. दोन्ही एकत्र आले की अकरा हजार किलोमीटरमध्ये आतल्या कडेवर तारा दिसतात, तशा आपल्याही छायाचित्रात दिसत आहेत. ते टायर आजच बदलावेत. बाहेरून नक्षी चांगली आहे म्हणून ते महामार्गावर नेऊ नयेत.

आता कामाचा क्रम, कारण गॅरेजमध्ये तो हमखास चुकतो. आधी डावीकडचा बुश किंवा गरज असेल तर पूर्ण लिंक, आणि शक्य असल्यास उजवीकडचीही, बदलून घ्यावी. नवा बुश आवळताना गाडी स्वतःच्या चाकांवर, नेहमीच्या उंचीवर उभी असली पाहिजे. रॅम्पवर चाके लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर गाडी खाली येताच रबर कायमचे पिळलेले राहते आणि काही महिन्यांत फाटते. चांगल्या कारागिराला हे सांगावे लागत नाही, पण विचारायला हरकत नाही. त्यानंतर टायरची हवा आणि गाडीची चारही बाजूंची उंची मोजावी. बीएमडब्ल्यूच्या जुन्या मॉडेलांचे अलाइनमेंट करताना आसनांवर 68-68 किलो वजन ठेवण्याची सूचना असे, ती उगाच नव्हती. मग आधी मागचा कॅम्बर, नंतर मागचा टो आणि शेवटी पुढची चाके, कारण कॅम्बर हलवला की टो हलतो आणि मागची दिशा बदलली की पुढचे सरळ पुन्हा ठरवावे लागते. कॅम्बर मर्यादेत येत नसेल तर मूळ स्प्रिंग परत बसवाव्यात, असे आमचे स्पष्ट मत आहे. खाली घेतलेली गाडी देखणी दिसते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण टायर आणि वळणातली स्थिरता दोन्ही त्यासाठी खर्ची पडतात.

घरी पडताळणी करायची असेल तर गवंडी भिंत सरळ लावायला वापरतात तशी बारीक दोरी गाडीच्या दोन्ही बाजूंना, मध्यरेषेशी समांतर आणि चाकांच्या मध्याच्या उंचीवर ताणावी, आणि रिमच्या पुढच्या व मागच्या कडेपासून दोरीचे अंतर लोखंडी पट्टीने मोजावे. अठरा इंची रिमवर 0.10 अंश म्हणजे अंदाजे 0.8 मिलिमीटर. मोजून झाल्यावर गाडी एक मीटर मागे ढकलून पुन्हा मोजावी, मग एक मीटर पुढे ढकलून पुन्हा. बुश ठीक असतील तर आकडे जवळपास तेच येतात. आपल्या डाव्या चाकाचे तसे येणार नाहीत, असा आमचा अंदाज आहे.

प्रश्न: मी यंत्र अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात आहे. बुश दबल्यामुळे चाक फिरते हे इतके धोक्याचे असेल तर उत्पादक कडक बुश का वापरत नाहीत? – एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर: कडक बुश लावले की रस्त्याचा प्रत्येक खडा आणि गिअरबॉक्सची प्रत्येक घरघर आसनापर्यंत पोहोचते, म्हणून रस्त्यावरच्या गाडीत रबर हवेच. प्रश्न असा उरतो की रबर दबणारच असेल तर ते दबल्यावर चाक कोणत्या बाजूला फिरावे. या प्रश्नाचे गाजलेले उत्तर पोर्शने दिले. मागे इंजिन असलेल्या 911 ची ख्याती, किंवा कुख्याती, अशी होती की वळणात पाय काढला की शेपूट पुढे यायला निघते. 1977 मध्ये आलेल्या 928 या गाडीत मागच्या आर्मचे पुढचे टोक सांगाड्याला थेट न जोडता एका आखूड, डोलणाऱ्या लिंकवर बसवले होते. पाय काढल्यावर किंवा ब्रेक लावल्यावर चाक मागे ओढले गेले की ती लिंक अशी झुकायची की चाक टो-आउट होण्याऐवजी किंचित टो-इन व्हायचे. पोर्शचे संशोधन केंद्र ज्या गावी आहे त्या वाइसाख गावाच्या नावाने हा अ‍ॅक्सल ओळखला जातो, आणि 928 ही 1978 ची युरोपमधील सर्वोत्तम गाडी ठरली. 1982 मध्ये मर्सिडीजच्या 190 या गाडीने प्रत्येक मागच्या चाकासाठी पाच स्वतंत्र लिंक वापरल्या. प्रत्येक लिंकची लांबी आणि कोन निवडून चाकाने कोणत्या भाराखाली कसे वागावे हे ठरवता येऊ लागले. आज ज्याला मल्टी-लिंक म्हणतात ते बहुतांश याच घराण्यातले.

हे गणित थोडे चुकले तर काय होते, त्याचे उदाहरण म्हणजे 1998 मध्ये बाजारात आलेली पहिली ऑडी टीटी. जर्मनीतील महामार्गांवर ताशी 180 किलोमीटरच्या वर, एकदम लेन बदलताना किंवा वळणात काही गाड्या शेपूट गमावून उलटल्या आणि त्यात माणसे दगावली. कंपनीने गाड्या परत बोलावून निलंबनातील (सस्पेन्शनमधील) दांडे आणि आर्म बदलले, मागे छोटा स्पॉइलर लावला आणि स्थिरतेची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बसवली. अभियंत्याने लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की ती गाडी सामान्य वेगाला अत्यंत गोड चालत असे. दोष होता तो भाराच्या एका विशिष्ट संयोगापुरता, आणि त्या वेगाने रोज जाणारे ग्राहक जर्मनीत भरपूर होते.

अलीकडे हे काम रबरावर न सोडता मोटरकडे दिले जाते. 2013 च्या 911 टर्बोत मागची चाके ताशी 50 किलोमीटरच्या खाली पुढच्या चाकांच्या उलट दिशेने वळतात, त्यामुळे गाडी लहान जागेत फिरते. ताशी 80 च्या वर ती त्याच दिशेने वळतात, त्यामुळे गाडी लांब व्हीलबेसच्या गाडीसारखी स्थिर वागते. आताच्या मर्सिडीज एस-क्लासमध्ये हा कोन 10 अंशांपर्यंत जाऊ शकतो, तो अर्थात गाडी लावताना. वेगात मात्र सगळा खेळ अजूनही अंशाच्या काही दशांशांचाच आहे. अशा गाडीचे अलाइनमेंट करताना मागची यंत्रणा संगणकाद्वारे मध्यावर आणावी लागते. ते न करता टो बसवला तर चूक कायमची पक्की होते.

प्रश्न: माझी पुढच्या चाकांवर चालणारी टर्बो हॅचबॅक आहे. मागच्या चाकांना समायोजनच नाही, असे अलाइनमेंटवाले म्हणतात. खरे आहे का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: खरे आहे. मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही मागची चाके जोडणारी एकच आडवी तुळई, असेल तर फिरवायला बोल्ट नसतो. पण समायोजन नाही म्हणून मोजमापही नको, हे चूक आहे. मागची मापे घेतलीच पाहिजेत. ती मर्यादेबाहेर असतील तर बहुधा खड्ड्यात किंवा फुटपाथच्या कडेला आपटून बीम अथवा चाकाचा स्टब (चाक ज्यावर बसते तो आखूड दांडा) वाकलेला असतो. बीम आणि स्टब यांच्यामध्ये पाचरीसारखी पातळ चकती घालून टो सुधारता येतो, मात्र वाकलेला भाग तपासल्याशिवाय चकती घालू देऊ नये.

प्रश्न: नवी इलेक्ट्रिक एसयूव्ही घेतली आहे, मोटर मागच्या अ‍ॅक्सलवर आहे. ताम्हिणी घाटात पावसात उतरताना पाय काढला की मागची बाजू हलकी वाटते. अलाइनमेंट तपासले, ठीक आहे. शिवाय मागचे टायर पुढच्यांपेक्षा लवकर झिजत आहेत. – एक वाचक, पुणे

उत्तर: पहिल्या पत्रातील लेखकाला जे 43 किलो सतावत होते, त्यापेक्षा आपल्या गाडीत पाय काढण्याचा परिणाम मोठा आहे. मागे मोटर असलेल्या शक्तिशाली इलेक्ट्रिक गाड्या आता आपल्याकडेही बनतात. चाकणला तयार होणाऱ्या महिंद्रा बीई 6 च्या मोठ्या बॅटरीच्या प्रकारात मागची मोटर 210 किलोवॅटची, म्हणजे सुमारे 286 अश्वशक्तीची आहे आणि मागे पाच लिंकचे स्वतंत्र निलंबन आहे. अशा कोणत्याही गाडीत रिजनरेशन जास्त ठेवले असेल तर पाय काढताच मोटर जनित्र बनते आणि फक्त मागच्या चाकांना ब्रेक लावते. साध्या ब्रेकमध्ये बहुतेक काम पुढची चाके करतात. इथे उलटे आहे.

एक हिशेब मांडून पाहू. गाडी आणि माणसे मिळून 2100 किलो, निम्मा भार मागे, आणि रिजनरेशनमुळे वेग गुरुत्वाच्या 0.2 पट दराने कमी होतो असे धरू. त्यासाठी मागच्या टायरांना 420 किलो वजनाइतका रेटा द्यावा लागतो. याच वेळी सुमारे 75 किलो भार पुढे गेलेला असतो, म्हणून मागे उरतात 975 किलो. ओल्या रस्त्याची पकड भाराच्या निम्मी धरली तर टायरांकडे एकूण 488 किलोची पकड आहे, आणि त्यातील 420 नुसत्या ब्रेकसाठी खर्च झाली. ब्रेकचा आणि वळणाचा रेटा एकमेकांशी काटकोनात असल्यामुळे इथे साधी वजाबाकी चालत नाही, वर्गांची करावी लागते; तशी केली तर वळण धरायला उरते ती निम्मी, सुमारे 250 किलो. उतार धरला नाही. घाटात तो आकडे आणखी बिघडवतो. गाडीची स्थिरता-यंत्रणा घसरण सुरू होताच रिजनरेशन कमी करते आणि आपल्याला जो हलकेपणा जाणवतो तो बहुधा या दोन क्षणांमधला आहे. तेव्हा पावसात घाट उतरताना रिजनरेशन सर्वांत खालच्या पातळीवर ठेवावे, वेग वळणाआधी ब्रेकच्या पेडलने कमी करावा, आणि वळणात पाय एकदम न काढता हळू सोडावा. यात थोडी वीज परत मिळायची राहते, ती राहू द्यावी.

टायरच्या झिजेविषयी: आपण फक्त ‘लवकर झिजतात’ असे लिहिले आहे, कसे झिजतात ते लिहिले नाही. टायरवरून तळहात आडवा, बाहेरून आत आणि मग आतून बाहेर फिरवून पाहावा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने नक्षीच्या कडा करवतीसारख्या लागल्या तर टो चुकला आहे, आणि ‘ठीक आहे’ म्हणणाऱ्या कागदाचे दुसरे पान मागून घ्यावे. दोन्ही दिशांनी सारखेच लागत असेल आणि झीज पूर्ण रुंदीवर असेल, तर तो मोटरच्या जोराचा आणि रिजनरेशनचा खर्च आहे. पुढचे-मागचे टायर एकाच मापाचे असतील तर ते दर आठ-दहा हजार किलोमीटरला अदलाबदल करावेत. मापे वेगळी असतील तर मागची जोडी आधी बदलावी लागेल, हे खर्चात धरून चालावे.